डिझेल गाडीत पेट्रोल पडलंय : सुरू करण्याआधी काय तपासू?

कराडजवळ हायवेच्या पेट्रोल पंपावरच्या पोराने डिझेल कारमध्ये पेट्रोल सोडलं. बिल हातात आल्यावर कळलं, तोवर गाडी पंपाबाहेर दोनेकशे मीटर गेली होती. टाकीत आधीचं पाव टाकी डिझेल, वर पंधरा लिटर पेट्रोल. इंजिन खडखडायला लागताच बंद केलं. त्यानंतर चावी ऑनसुद्धा केलेली नाही.

टोचन करून ओळखीच्या गॅरेजला आणली. टाकी उतरवून रिकामी केली, लाइन फुंकली, डिझेल फिल्टर नवा टाकला. जुना फिल्टर ठेवलाय. पंपवाला टाकी साफ करायचे पैसे देतोय, पुढचं नाही. विम्याचं विचारलं, पॉलिसीत बसत नाही म्हणाले.

मिस्त्री म्हणतो, नवं डिझेल भरा आणि मारा सेल्फ. सर्व्हिस सेंटरवाले हाय प्रेशर पंप (डिझेल मोठ्या दाबाने ढकलणारा), रेल (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामायिक नळी), चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) बदला म्हणतात. दोन्ही टोकंच झाली! गाडी बीएस-४, कॉमन रेल, वॉरंटी संपलेली.

पेट्रोलने हाय प्रेशर पंपाचं वंगण जातं आणि आत धातूचा कीस पडतो, एवढं ठाऊक आहे. पण तो कीस पडलाय की नाही हे सेल्फ मारण्याआधी कसं पाहायचं? जुना फिल्टर कापून चमकी दिसली नाही तर पुरे, की त्या पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) काढून बघायलाच हवा?