मदत हवी आहे: ॲल्युमिनियममध्ये ढवळायला सिलिकॉन कार्बाइडची भुकटी किती बारीक घ्यावी?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या फाउंड्रीत भट्टी आणि ओतकाम माझ्याकडे आहे. वडगाव-खासबागच्या यंत्रमागवाल्यांकडून एका लिव्हरची मागणी आली आहे. वजन कमी हवं म्हणून तो ॲल्युमिनियमचाच लागतो, पण स्टीलची पिन ज्या भोकात फिरते ते भोक लवकर ढिलं होतं. भोकात बुश, म्हणजे झीज सोसणारी वेगळी नळी, बसवायला जागा नाही. म्हणून एलएम २५ (ओतकामाचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) च्या रसात वजनाने १० टक्के सिलिकॉन कार्बाइड ढवळून कंपोझिट, म्हणजे कण मिसळलेला धातू, ओतायचं ठरलं.

भुकटी ग्रिटच्या नंबरावर मिळते. नंबर जितका मोठा तितका कण लहान. २२० नंबरचा कण साधारण ६० मायक्रॉनचा, ८०० चा साडेसहाच्या आसपास. आमचे भट्टीवाले मामा पहिल्यापासून म्हणतात, "बारीकच घाला ओ, बारीक तेवढं चांगलं मिसळतंय." आम्ही दोन्ही वापरून बघितल्या.

२२० रसात सहज उतरली. पण ओतलेला तुकडा उभा कापून, पॉलिश पेपरने घासून भिंगाखाली धरला तर वरचा भाग जवळजवळ कोरा, आणि तळाशी करडे, टोकदार कण दाटीवाटीने बसलेले. त्या बाजूने बोअरिंग घेताना हत्याराची कार्बाइडची टिप लगेच बोथट होते.

८०० चं उलट. ती रसावरच तरंगत राहिली, ढवळलं की मुशीच्या कडेला काळा थर धरायची. आत जे गेलं त्याच्या गुठळ्या झाल्या. कापलेल्या भागावर काळे ठिपके दिसतात आणि भिंगातून बघितलं तर बहुतेक ठिपक्यांच्या पोटात पोकळी आहे.

मला कळलेलं गणित असं: रसात कण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे २२० चा कण ८०० पेक्षा नऊपट मोठा, तर बुडायला सुमारे ऐंशीपट जलद. उलट तेवढ्याच वजनाच्या ८०० मध्ये कणांचा एकूण पृष्ठभाग नऊपट. वितळलेलं ॲल्युमिनियम त्या पृष्ठभागाला सहजी भिजवत नाही, त्यामुळे हवा आणि ओल दोन्ही आत येतात. आपल्याकडे पावसाळ्यात तर पिशवी उघडली की भुकटी सादळलीच.

मग मधला कण घ्यावा का? आणि ताकदीचं काय? लिव्हरला झटके बसतात, तो तुटूनही चालणार नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

दादा, निपाणीहून लिहितोय. मामांचं म्हणणं ताकदीपुरतं बरोबर आहे. कण मोठा असला की त्याच्या आतच एखादी भेग असण्याची शक्यता जास्त, आणि झटका बसला की तो कणच फुटतो. लहान कणांत हा धोका कमी, शिवाय कणाकणातलं अंतर कमी झाल्याने धातूही जास्त बळकट होतो. पण हे कण सुटे राहिले तरच. गुठळी झाली की ती मोठ्या कणापेक्षा वाईट, कारण तिच्या आत धातूच नसतो. ताठपणा मात्र कणांच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो, टक्केवारीवर असतो. त्यासाठी बारीक भुकटीच्या मागे लागू नका.

झिजेबाबत आधी बघा, घासतंय काय? वाळू किंवा धूळ घासत असेल तर घट्ट बसलेला मोठा कण जास्त टिकतो. तुमच्याकडे स्टीलची पिन आहे. २२० चे कण भोकातून वर डोकावले की लिव्हर टिकेल आणि पिन खरवडून निघेल. मागवाला पुन्हा तुमच्याच दारात येईल.

मी तुमच्या जागी असतो तर ४०० नंबर घेतला असता, साधारण १७ मायक्रॉन. २२० पेक्षा तो सुमारे बारापट सावकाश बुडतो. भुकटी आधी १००० अंशांच्या आसपास काही तास तापवा. ओल जातेच, वर कणावर सिलिकाचा पातळ थर येतो आणि रस धरायला मदत होते. रसात मॅग्नेशियम एक टक्क्यापर्यंत न्या, एलएम २५ मध्ये ते त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. रस ७५० च्या वर जाऊ देऊ नका. फार तापला तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, ते ठिसूळ असतं आणि पाण्याने विरघळतं. एलएम २५ मध्ये ७ टक्के सिलिकॉन आहे म्हणून तुम्हाला थोडी सूट मिळते. आणि जमलं तर वाळूऐवजी लोखंडी साच्यात ओता. सावकाश गोठणारा धातू बारीक कणांना पुढे ढकलत नेतो आणि शेवटी गोठणाऱ्या जागी गोळा करतो.

कडकपणा ब्रिनेलवर (बॉल दाबून पडलेला खड्डा मोजायची चाचणी), मोठ्या बॉलने मोजा. लहान टोक एकाच कणावर बसलं की आकडा भलताच येतो. पोकळी किती आहे ते तुकडा हवेत आणि मग पाण्यात वजन करून कळेल.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार काका. पिनेचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. ४०० मागवतो. एकच विचारतो: मॅग्नेशियम भुकटीच्या आधी टाकायचं की ढवळणं चालू असताना? उघड्या भट्टीत ते फार जळून जातं.