मदत हवी आहे: पीटीआर लावूनही जीमेल काही मेल परत पाठवतंय

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम. पुस्तक परत करायची तारीख जवळ आली की सभासदाला मेल जातो, दिवसाला चाळीसेक. पंधरा दिवसांपासून जीमेलचे पत्ते '५५०-५.७.२५' देऊन मेल परत पाठवतायत. म्हणजे आयपीला पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) नाही, किंवा पीटीआरमधलं नाव फिरून त्याच आयपीवर येत नाही.

डोमेन जिथून घेतलं तिथे पीटीआर टाकून पाहिला, उपयोग शून्य. ही उलटी नोंद आयपी ज्याचा त्याच्याच हातात असते, हे नंतर समजलं. मग व्हीपीएसच्या पॅनेलमध्ये नाव भरलं. आता 'डिग -एक्स' (आयपीवरून नाव विचारायची आज्ञा) बरोबर नाव देतं, त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) त्याच आयपीवर येतो, हेलोलाही (मेल देताना सर्व्हर स्वतःचं नाव सांगतो, त्यात) तेच नाव आहे. तरीही काही मेल परत येतात आणि तेच पुन्हा पाठवले की कधीकधी जातात!

शिवाय स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉसच्या झेन यादीला ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) वरून विचारलं, तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. आपला आयपी काळ्या यादीत गेला का? मेल न मिळाल्यामुळे सभासदांना दंड भरावा लागतोय, त्यांची काही चूक नसताना. फार वाईट वाटतं.

प्रतिसाद १

यादीची काळजी सोडा. तो आकडा नोंद असल्याचा नाही. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नांना स्पॅमहॉस असंच उत्तर देतं. सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवून त्यातून विचारा. खरी नोंद असेल तर १२७.०.०.२, ३, ४ असे आकडे येतात. १० किंवा ११ आला तर पीबीएल, म्हणजे थेट मेल पाठवायला नसलेल्या आयपींची यादी.

कधी जातो, कधी येतो म्हणताय, तर माझा संशय आयपीव्ही६ वर (आयपी पत्त्याचा नवा प्रकार; जुना तो व्ही४) आहे. परत आलेल्या मेलमध्ये चौकटी कंसात कोणता आयपी आहे? पोस्टफिक्स मुळात व्ही४ आणि व्ही६ यांतला कुठलाही पत्ता निवडतं, आणि तुम्ही पीटीआर बहुधा फक्त व्ही४ ला लावलाय.

धागाकर्ता

अगदी तेच निघालं! परत आलेल्या सगळ्या मेलांत व्ही६ चाच पत्ता आहे. सध्या 'इनेट_प्रोटोकॉल्स' या सेटिंगला आयपीव्ही४ देऊन पोस्टफिक्स रीस्टार्ट केलं. सकाळपासून एकही मेल परत नाही. अनबाउंडमधून झेनला विचारलं, नोंद नाही. मनापासून आभार. व्ही६ चा पीटीआर आणि एएएए रेकॉर्ड (व्ही६ साठीचा ए रेकॉर्ड) दोन्ही लावून मग ते परत सुरू करतो. दंडाचं कार्यवाहांशी आजच बोलतो.