स्विफ्ट डिझेलला कोल्ड एअर इन्टेक लावला तर घाटात पिकअप वाढते का?

अंजनगावची_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ ची स्विफ्ट डिझेल आहे, सेकंड हँड घेतलेली, १ लाख ३० हजार किमी झाली. गाव अंजनगाव सुर्जीच्या जवळ. मोठी बहीण चिखलदऱ्याला राहते म्हणून महिन्यातून तीनदा तरी परतवाड्यावरून घाट चढा लागते. सपाटीवर गाडी मस्त पळते पण घाटात चार माणसं अन् मागं तुरीच्या डाळीचं पोतं असलं की वळणावर एकदम मरते, एसी बंद करा लागते, मग आई मागं बसून घामाघूम होते. अमरावतीच्या एका अॅक्सेसरीवाल्याने सांगतलं की कोल्ड एअर इन्टेकची (इंजिनले बाहेरची थंड हवा देणारा वेगळा पाईप अन् फिल्टर) किट टाक, १५ हजार लागतील, १५ एचपी वाढते अन् मायलेजही वाढते. कापसाचे पैसे नुकतेच आले आहेत म्हणून हात खाजवून राहिला, पण १५ हजार म्हणजे माझ्यासाठी लहान रक्कम नाही. कोणी स्वतःच्या गाडीला लावून पाह्यलं आहे का? खरंच फरक पडते का?

गॅरेज_मूर्तिजापूर
भाऊ, पहिले पैसे खिशात ठेव अन् बोनेट उघड. एअर फिल्टरच्या डब्ब्यातून एक प्लास्टिकचा पाईप समोर जाते, त्याचं तोंड जाळीपाशी, हेडलाईटच्या बाजूनं निघते, इंजिनच्या गरमीपासून दूर. म्हणजे बाहेरची हवा घ्यायची सोय कंपनीनं पहिलेच करून ठेवली आहे. आता किटमध्ये काय देतात तर एक चकचकीत पाईप अन् त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर, अन् तो बसते कुठं तर बोनेटखाली इंजिनच्या बाजूला. मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४५ डिग्री असते, गाडी पाच मिनिटं उभी ठेवून बोनेट उघडून पाह्य, हात ठेववत नाही. तीच हवा मग इंजिन खाते. नाव कोल्ड अन् आत जाते भट्टीची हवा.

माझ्या गॅरेजला अशा गाड्या येतात. पोरं सांगतात काका आवाज भारी येते, मी म्हणतो बरोबर आहे, कारण कंपनीच्या पाईपाला ज्या फुगीर पेट्या असतात त्या आवाज दाबायसाठीच असतात, त्या काढल्या की इंजिन हवा ओढताना घुमते अन् डोक्याला वाटते गाडी जोरात चालली. घड्याळ लावून पाह्यलं तर टाईम तोच.

तुझ्या गाडीचा रोग वेगळा वाटते. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी होज पाह्य, तेलाचा ओलावा दिसते का, अॅक्सिलेटर दाबला की फुस्स आवाज येते का, मागं काळा धूर निघते का. १ लाख ३० हजारला ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचलेली असते. अन् एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला ते सांग.

वणीचा_आय१०
मी लावला होता राजा, पेट्रोल गाडीला, म्हणून बोलतो. खालच्या आरपीएमला काही नाही, हवा तेवढीच. साडेचार-पाच हजारच्या वर थोडी मोकळी वाटे, ते मी आजही नाकारत नाही. पण आमच्या इकडं रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालतात, दीड महिन्यात पाईपाच्या आतून बोट फिरवलं तर बोट काळं. फिल्टर ओलांडून, इंजिनकडच्या बाजूनं! त्याच दिवशी काढून ठेवला, जुना डब्बा परत बसवला. इंजिन आतून घासून मिळणारी ताकद मले नको.

वर्ध्याची_ओबीडीवाली
मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकवते. हा प्रश्न दरवर्षी मुलं विचारतात म्हणून एकदा भावाच्या पेट्रोल गाडीवर मोजूनच घेतलं. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा) लावायचा, मोबाईलवर इन्टेक एअर टेम्परेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. कंपनीचा डब्बा असताना चालत्या गाडीत ते बाहेरच्या तापमानापेक्षा पाच-सहा डिग्रीच वर होतं. उघडा शंकू लावल्यावर सेवाग्रामच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ६५ च्या वर गेलं, आणि गाडी सुटल्यावर खाली यायला चांगली दोन-तीन मिनिटं लागली. ज्या क्षणी पिकअप पाहिजे, थांबून निघताना, नेमकी तेव्हाच हवा सर्वात गरम.

याचा हिशोब सोपा आहे. हवेची घनता केल्विनमधल्या (डिग्री अधिक २७३) तापमानाच्या उलट चालते. ४५ डिग्री म्हणजे ३१८, ६५ म्हणजे ३३८. भागाकार केला तर तेवढ्याच जागेत साधारण ६ टक्के हवा कमी. याच कारणाने डिसेंबरच्या सकाळी १२ डिग्रीला पेट्रोल गाडी हलकी वाटते, मेच्या दुपारपेक्षा तेव्हा हवा १० टक्क्यांहून जास्त दाट असते. म्हणजे थंड हवेने ताकद वाढते हे तत्त्व शंभर टक्के खरं आहे, दुकानदार तिथं खोटं बोलत नाही. पण ४५ च्या गावात कोणतीही पाईप ४५ च्या खालची हवा आणू शकत नाही, आणि ४५ ची हवा तर डब्ब्यातून आधीच येऊन राहिली. मग शिल्लक राहतात दोन-चार टक्के, तेही पेट्रोलला, वरच्या आरपीएमला, शंकू नीट झाकलेला असला आणि त्याचं तोंड बाहेर असलं तर.

अंजनगावची_स्विफ्ट
ताई, धन्यवाद, हे कोणी असं समजून सांगतलं नव्हतं. पण एक शंका आहे. माझी टर्बो डिझेल आहे, टर्बोले (धुराच्या जोरानं फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) तर हवाच पाहिजे ना? जास्त मोकळा फिल्टर दिला तर टर्बो लवकर फिरणार नाही का?
मूर्तिजापूरवाले काका, फिल्टर मी स्वतः बदलला नाही, जुन्या मालकानं कधी बदलला माहीत नाही. सर्व्हिसवाला दर वेळी प्रेशरनं हवा मारून परत टाकते.

वर्ध्याची_ओबीडीवाली
शंका बरोबर जागी आहे. पेट्रोल इंजिनात साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण धरावं लागतं, हवा जास्त गेली तर ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त देतो, म्हणून तिथं हवेची किंमत थेट आहे. डिझेलमध्ये बहुतेक वेळ हवा गरजेपेक्षा जास्तच असते आणि ताकद किती डिझेल फवारलं यावर ठरते. ईसीयूमधला डिझेल देण्याचा नकाशा तोच ठेवून फक्त पाईप बदलली तर ईसीयू जास्त डिझेल देत नाही, बूस्टही (टर्बोचा दाब) ठरलेल्या आकड्यापाशीच थांबतो.

आता तुमचा घाट. तुमच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (चाक फिरवायची ओढ), १९० एनएम, येतो २००० आरपीएमला. वळणावर तुम्ही १४००-१५०० ला आलात की टर्बो झोपलेला असतो. त्या वेळी १२४८ सीसीचं इंजिन मिनिटाला हजार लिटरच्या आत हवा ओढतं, आणि फिल्टरचा अडथळा हवेचा प्रवाह वाढेल तसा वाढतो, म्हणजे कमी आरपीएमला तो नगण्य असतो. जिथं गाडी मरते तिथं फिल्टर आडवा येतच नाही. शिवाय टर्बो दाबून हवा १०० डिग्रीच्या वर तापवतो, ती थंड करायचं काम इंटरकूलरचं आहे. १५ हजारात इंटरकूलरच्या जाळ्या साफ आणि होज नवे होतात आणि बरेच पैसे उरतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. गवंड्याकडं लेव्हलची पारदर्शक नळी असते ना, तीच घ्या, चांगली लांब. फिल्टरच्या झाकणाला टर्बोकडच्या बाजूनं, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडं, बारीक छिद्र करून नळीचं एक टोक घट्ट बसवा, बाकी नळी यू आकारात पाणी भरून आत सीटपाशी आणा, दुसरं टोक उघडं. दोन्ही बाजू मीटरभर तरी ठेवा म्हणजे पाणी इंजिनाकडं ओढलं जाणार नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलेटर दाबा आणि शेजारच्याला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायला सांगा. वातावरणाचा पूर्ण दाब म्हणजे सुमारे ४०७ इंच पाणी. फरक आला ८ इंच, तर सगळा अडथळा मिळून २ टक्के. किटचा जास्तीत जास्त फायदा त्याच्या आतच असणार. काम झालं की छिद्राला बोल्ट आणि सील लावून बंद करा, ते उघडं राहिलं तर धूळ थेट आत.

शेतकरी_दर्यापूर
मी ट्रॅक्टरवाला माणूस, कारचं जास्त कळत नाही, पण धुळीचं कळते. पंचवीस वर्षं काळ्या मातीत ट्रॅक्टर चालवला. जुन्या ट्रॅक्टरले तेलाचा एअर क्लीनर राहे, वरतून भांडं, हवा गोल फिरून मोठी धूळ पहिलेच बाजूला पडे, मग तेलात, मग जाळीत. इतकं सगळं कंपनीनं काऊन केलं असन? एका उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरचा रबर फाटला अन् कोणी पाह्यलं नाही, रोटाव्हेटर चालू होता, दिवाळीच्या आत लायनर-पिस्टन गेले, इंजिन तेल प्यायले लागलं. फिल्टर म्हणजे इंजिनचं नाक आहे बाबू. अन् पावसाळ्यात आमच्या खारपाणपट्ट्यात पुलावरून पाणी जाते, काही किटचा फिल्टर बंपरमागं खाली बसवतात, तिथून पाणी ओढलं तर इंजिन पाणी दाबू शकत नाही, रॉडच वाकते. तू माये ऐक, अन् ते किट घेऊ नको.

अंजनगावची_स्विफ्ट
आठ दिवसांनी लिहून राहिलो, माफ करा, हरभऱ्याचं काम होतं.

ताईनं सांगतल्यासारखी गवंड्याची नळी लावली, भाचा शेजारी बसला होता नळी धरून. परतवाडा रोडवर जुन्या फिल्टरवर फरक आला १४ इंच. मग डब्बा उघडला तर आत उंदरानं सरकीसकट कापूस भरून ठेवला होता, ओंजळभर! अन् फिल्टरच्या घड्या मातीनं बुजलेल्या, एका जागी कागद फाटलेला, हवा मारून मारून फाटला असन. नवा कंपनीचा फिल्टर चारशेच्या आसपास मिळाला, डब्बा पुसून बसवला, परत मोजलं, ६ इंच. हिशोब केला तर दीड टक्का. म्हणजे १५ हजाराच्या किटनं सगळाच अडथळा शून्य केला असता तरी दीड टक्क्याच्या वर काही हाती नव्हतं.

अन् काका, तुम्ही बरोबर होते, इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पपाशी चीर होती, भोवती तेलाची माती जमलेली. होज बदलला. काल आईले घेऊन चिखलदऱ्याला गेलो, चार माणसं, एसी चालू. एकदाच बंद करा लागला, शेवटच्या चढावर. आधी खालच्या वळणापासूनच बंद राहे. गाडी काही रॉकेट झाली नाही पण मरत नाही आता.

गॅरेज_मूर्तिजापूर
शाब्बास. आता शे-दोनशे किलोमीटर झाले की क्लॅम्प परत आवळून घे, नवा रबर बसते अन् सैल होते. फाटका फिल्टर होता म्हणजे थोडी माती आत गेली असन, म्हणून ऑईल लवकर बदल अन् पुढचे दोन-तीन महिने ऑईल किती कमी होते त्यावर नजर ठेव. पुढच्या महिन्यात ईजीआर अन् मॅनिफोल्ड (सिलिंडरले हवा वाटणारा पाईप) उघडून काजळी काढून घे. अन् शेवटच्या त्या चढावर वळण यायच्या आधीच गिअर टाक, काटा २००० च्या खाली जाऊ देऊ नको, मग एसी तिथंही चालन. फिल्टरले हवा मारू देऊ नको कोणाले, नवा टाक. अन् डब्ब्याच्या तोंडाले बारीक लोखंडी जाळी लाव, कापूस घरात असेपर्यंत उंदीर परत येते.