आय-८० सोडा, मग बोला

नेब्रास्का (अमेरिकेतलं एक राज्य) म्हणजे आय-८० हायवेच्या कडेने सातशे किलोमीटर नुसता मका, रात्रीच गाडी हाणून पार करावा, असं म्हणणारे बरेच भेटतात. मक्याचं खरं आहे. पण त्या मक्यासाठीच तर मार्चमध्ये पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन (आपल्या क्रौंचांचे भाऊबंद) तिथे उतरतात! कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे दिवसभर टिपायचे, अंगावर चरबी चढवायची आणि मग पुढे कॅनडा, अलास्का, काही तर थेट सायबेरिया. रात्री प्लॅट नदीच्या घोटाभर पाण्यात उभ्याने झोपतात, कोल्हेबिल्हे जवळ येऊ नयेत म्हणून. हे सगळं कार्नी ते ग्रँड आयलंड या गावांमधल्या पट्ट्यात, म्हणजे त्याच कंटाळवाण्या हायवेला लागून.

आम्ही पहाटे साडेपाचला पक्षी बघायच्या लपणात जाऊन बसलो होतो. थंडीने बोटं बधिर, खोकायचीही चोरी. आधी काहीच दिसत नाही, फक्त आवाज: शेकडो न वंगणलेले रहाट एकदम फिरवावेत तसा. उजाडलं तेव्हा कळलं, समोरची करडी वाळूची बेटं म्हणजे पक्षीच होते.

मार्च जमत नसेल तर निदान ग्रँड आयलंडहून अलायन्सकडे जाणारा हायवे २ घ्या. गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, बाजूने कोळशाच्या लांबलचक मालगाड्या, आणि शेवटी जुन्या मोटारी उभ्या करून रचलेलं कारहेंज. ते मला फारसं भावलं नाही, पोरांना मात्र तिथून हलवेना. पेट्रोल आधीच भरून घ्या.