मदत हवी आहे: चार्वाकाचा 'ऋण-तूप' (कर्ज काढा, पण तूप प्या) श्लोक आधी कुठे येतो?

सोलापुरात आमच्या वाचक मंडळात चार्वाक (प्राचीन भारतीय जडवादी) आणि एपिक्युरस (प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ) यांच्यावर बोलायचंय. दोघांनाही नंतरच्यांनी चैनखोर ठरवलं, याचं फार वाईट वाटतं. एपिक्युरसचं निदान मेनोइकियसला लिहिलेलं पत्र टिकलंय. भुकेल्याला भाकरी-पाण्यातच परमसुख, असं त्यात स्पष्ट आहे. चार्वाक मात्र विरोधकांच्याच तोंडून ऐकावा लागतो. माधवाचार्यांच्या 14व्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त (निरनिराळ्या दर्शनांची ओळख करून देणारा ग्रंथ) चार्वाक प्रकरणाच्या सुरुवातीला 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः' (जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यूपासून कुणीच सुटत नाही) एवढंच येतं. कर्ज काढून तूप पिणं थेट शेवटी. मराठी पुस्तकं पाहून झाली, जुना संदर्भ हाती लागला नाही. संस्कृत वाचता येतं, पण पुण्याच्या ग्रंथालयांत जाणं जमणार नाही. घरबसल्या मिळेल असंच सुचवा. माधवाचार्यांच्या आधीच्या कुठल्या जैन किंवा बौद्ध ग्रंथात हा श्लोक आहे, आणि तिथे ऋण-तूप आहे की नाही?