मदत हवी आहे : गाडीचालकांना ‘गेट ऑफ’, ‘पुल ओव्हर’ यांसारखी क्रियापदे वाक्यांतून कशी शिकवावीत?

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ आणि अजिंठ्याला परदेशी पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या काही गाडीचालकांना मी संध्याकाळी कामापुरते इंग्रजी शिकवतो. भाडे सांगणे, वेळ ठरवणे, साधे प्रश्न विचारणे हे त्यांना बऱ्यापैकी जमते. अडते ते फ्रेझल व्हर्बपाशी, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपाशी, आणि त्यांतही जाणे, येणे, चढणे, उतरणे, वळणे, थांबणे या अर्थांच्या क्रियापदांपाशी, म्हणजे नेमके त्यांच्या धंद्याला लागणाऱ्या शब्दांपाशी. बाजारातल्या पुस्तिकांत अशा क्रियापदांच्या अक्षरानुक्रमे याद्या असतात आणि प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ छापलेला असतो. मंडळी त्या इमानदारीने पाठही करतात. पण ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे हे माहीत असलेला माणूस पाहुण्यांना सकाळी सहाला निघायचे आहे हे सांगताना ‘वी विल गो सिक्स ओ’क्लॉक’ असेच म्हणतो. म्हणून याद्या बाजूला ठेवून एका दिवसाच्या फेरीतल्या खऱ्या वाक्यांवर आधारित टिपण तयार करण्याचा माझा विचार आहे, आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली अडचण उतरण्याची आहे. मराठीत आपण बसमधून उतरतो, रिक्षातून उतरतो, घोड्यावरून उतरतो आणि घाटही उतरतो. सगळीकडे क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र बसमधून ‘गेट ऑफ’ आणि मोटारीतून ‘गेट आऊट’. आपल्याकडे सर्रास चालणारे ‘गेट डाऊन’ परदेशी पाहुण्यांना कसे ऐकू येते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. अजिंठ्याच्या फेरीत ही दोन्ही रूपे एकाच तासात लागतात, कारण खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते.

दुसरी अडचण शब्दांच्या जागेची. ‘पिक अप द गेस्ट्स’ बरोबर असेल, तर ‘पिक अप देम’ का चुकते? आणि ‘पिक देम अप’ चालते, तर त्याच धर्तीवर ‘गेट इट ऑन’ का चालत नाही?

तिसरी अडचण ‘अप’ आणि ‘डाऊन’ यांची. सपाट रस्त्यावरचे दुकान ‘डाऊन द रोड’ कसे असते, आणि खिडकीपाशी तिकीट काढायला जाणारा माणूस ‘अप टू द काऊंटर’ कसा जातो, हे एका चालकाने मला विचारले. त्याला पटेल असे उत्तर मला देता आले पाहिजे. अर्थांची आणखी एखादी यादी कृपया सुचवू नये. वाक्ये आणि त्यांमागची कारणे हवी आहेत.

प्रतिसाद १

आपला यादीवरचा राग रास्त आहे. ही तक्रार नवीन नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक अडचणीची ठरते, असे नमूद केले आहे.

मूळ फरक भाषांच्या घडणीत आहे. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे या मराठी क्रियापदांतच वाट कोणत्या दिशेची आहे ते सांगितलेले असते, आणि ती वाट धावत, रांगत की लंगडत कापली हे आपण वेगळ्या शब्दाने जोडतो. इंग्रजीत बहुधा याच्या उलट घडते : क्रियापद चालण्याची तऱ्हा सांगते आणि दिशा अव्यय सांगते. ‘धावत बाहेर आला’ याचे ‘रॅन आऊट’ होते, ‘रांगत आत शिरले’ याचे ‘क्रॉल्ड इन’. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी १९८५ सालच्या लेखनात गती व्यक्त करण्याच्या या निरनिराळ्या रीतींची मांडणी केली. आपल्या वर्गात टाल्मी यांचे नाव काढण्याची गरज नाही. मात्र ‘इन, आऊट, ऑन, ऑफ, ओव्हर, बॅक’ ही अव्यये आधी हातवारे करून पक्की करावीत आणि क्रियापदे नंतर बदलत न्यावीत. ‘गो बॅक, कम बॅक, ड्राइव्ह बॅक, वॉक बॅक, हेड बॅक’ अशी मालिका ज्याच्या तोंडी बसली, त्याला पाच अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

आता उतरण्याविषयी. ज्या वाहनात माणूस उभा राहून चालू शकतो, म्हणजे बस, आगगाडी, विमान, जहाज, किंवा ज्यावर टांग टाकून बसतो, म्हणजे सायकल, मोटारसायकल, घोडा, त्यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटार, टॅक्सी, लहान होडी, जिथे वाकून आत बसावे लागते, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आऊट’. फर्दापूरसाठी वाक्य असे होईल : ‘यू गेट आऊट ऑफ द कार हिअर, गेट ऑन दॅट बस, अँड गेट ऑफ ॲट द केव्ह्ज.’ ‘गेट डाऊन’ शिडीवरून किंवा झाडावरून उतरण्यासाठी ठीक आहे; पण गाडी थांबताच कोणी ‘गेट डाऊन!’ असे ओरडले, तर ते ‘खाली वाका, धोका आहे’ असेही वाटू शकते. बिचारा पाहुणा सीटखाली शिरायचा.

प्रतिसाद २

शब्दांच्या जागेविषयी लिहितो. ‘पिक अप’ आणि ‘ड्रॉप ऑफ’ यांत अव्यय क्रियापदाचेच असते, म्हणून कर्म नाम असेल तर ते आधी किंवा नंतर, कुठेही चालते. परंतु ‘देम’, ‘हर’, ‘इट’ अशी सर्वनामे मधेच आली पाहिजेत. ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स अँड ड्रॉप यू ऑफ ॲट द स्टेशन’ हे वाक्य चालकाने झोपेतही म्हणावे इतके घोकून घ्यावे. ‘गेट ऑन द बस’ मधील ‘ऑन’ हा मात्र ‘बस’ या शब्दाला जोडलेला आहे, म्हणून ‘गेट ऑन इट’ असेच म्हणावे लागते. ‘रन इन्टू’ चेही तसेच : ‘आय रॅन इन्टू हिम’ म्हणजे तो अवचित भेटला. मात्र गाडी खांबाला धडकली तरी ‘रॅन इन्टू’ च असते, हे चालकांना आवर्जून सांगावे.

‘अप’ म्हणजे बोलणाऱ्याच्या लेखी महत्त्वाच्या ठिकाणाजवळ येणे, हा एक अर्थ आहे. ‘वॉक अप टू द काऊंटर’ यात चढ नसतो. आपल्या रेल्वेत याचे झकास उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’, आणि तीच पद्धत येथे आल्याने मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ ठरली. म्हणून पुण्याहून मुंबईला निघालेली ‘अप’ गाडी प्रत्यक्षात बोरघाट उतरत असते. ‘डाऊन द रोड’ म्हणजे याच रस्त्याने थोडे पुढे, एवढेच.

एक गोष्ट विचारात नव्हती, ती जोडतो. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि चालक तेच ‘आय विल कम’ असे सांगतात. पाहुणा मग परत येण्याची वाट पाहत बसतो. तिथे ‘आय ॲम ऑफ नाऊ’ किंवा ‘आय हॅव टू हेड बॅक’ शिकवावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अव्यये आधी शिकवण्याची सूचना मी पुढच्याच वर्गापासून अमलात आणतो. थांबण्याविषयी एवढेच विचारायचे राहिले : ‘पुल अप’, ‘पुल ओव्हर’ आणि ‘पुल इन’ यांत चालकाने कोणते केव्हा वापरावे? आणि गाडी मागे घेण्यासाठी ‘बॅक अप’ म्हणावे की ‘रिव्हर्स’?

प्रतिसाद १

चालत्या रस्त्यावरून कडेला घेऊन थांबणे ते ‘पुल ओव्हर’; पाहुण्यांना वाटेत छायाचित्र काढायचे असेल तर ते हेच म्हणतील. ‘पुल अप’ म्हणजे गाडी येऊन थांबणे, जसे हॉटेलच्या दारापाशी; ते घोड्याचे लगाम ओढण्यातून आले आहे. ‘पुल इन’ पेट्रोल पंपावर किंवा वाहनतळात शिरताना. बोलायला ‘पुल ओव्हर’ एवढे पुरे, बाकीची दोन ऐकून समजली तरी चालेल. ‘बॅक अप’ अमेरिकी पाहुण्यांच्या तोंडी अधिक येते, म्हणून त्याची ओळख करून द्यावी; चालक ‘रिव्हर्स’ आधीपासून म्हणतातच आणि ते सर्वांना समजते, ते बदलू नये.