मदत हवी आहे : तीन रविवार तळ्यावर बसलो, मासा लागत नाही

हळदकट्टा (मंगळवार, रात्री ११:४०)
सकाळी सात ते दुपारी दोन बसतो. दोरीवरचा तरंगता फ्लोट टुकटुक हलतो, दोन बोटं खाली जातो, मी काठी ओढतो आणि गळ रिकामा वर येतो. अळीचं नुसतं साल उरलेलं असतं. तीन रविवारांत एकही मासा नाही. बरोबर बाबा आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा असतो. बाबा सोमवारी परत निघतील, म्हणजे हातात एकच शनिवार आहे. गळ चांगला आहे, बाबांच्या जुन्या पेटीतला. काय चुकतंय ते लवकर सांगा. धीर धरा म्हणू नका, तीन आठवडे धरलाय.

पंचगंगाकाठ
अळी कशाला? कणीक लावा. घट्ट मळायची, चिमूटभर हिंग घालायचा, सुपारीपेक्षा लहान गोळी करायची. रोहू असेल तर सोडत नाही. चिलापी असेल तर गांडूळ. तळं कुठलं आहे? आणि ठेका कुणाचा? आपल्याकडे बरेच तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. विचारल्याशिवाय बसलात तर काठी जप्त होते, माझी झाली आहे.

खाडीकिनारी
आम्ही खाडीत गरवतो. भरती लागली की पहिले दोन तास सोन्याचे. तुम्ही भरतीची वेळ न बघताच बसत असणार.

हळदकट्टा
तळ्याला भरती कुठून येणार? ठेका वगैरे नाही, दिवसाचं तिकीट काढून बसतो. रोहूही नाहीत. रोच, ब्रीम, टेंच असे मासे आहेत असं फलकावर लिहिलंय.

तळ्यावरचा
टेंच आहेत म्हणजे तुम्ही इंग्लंडात आहात! हे आधी सांगायचं ना, अर्धे प्रतिसाद वाया गेले. आता चार गोष्टी सांगा. पाणी किती खोल? गळ कितव्या नंबरचा? टाकता कुठे? आणि तुमच्याकडे व बाबांकडे रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा सरकारी परवाना, आहे का?

हळदकट्टा
हो, बर्कशरमध्ये. खोली माहीत नाही, फ्लोट गळापासून दोन फुटांवर बांधलाय. नंबर पेटीवर नाही, गळ करंगळीच्या नखाहून मोठा आहे. टाकतो तळ्याच्या मधोमध, तिथे मोठे मासे उड्या मारतात. तळं खासगी आहे, तिकीट काढलंय. प्रश्न लायसन्सचा नाही, मासा का लागत नाही हा आहे.

तळ्यावरचा
तरी आधी लायसन्सच. तळं खासगी असलं, तिकीट असलं, तरी इंग्लंडात काठी धरणाऱ्या १३ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला ते लागतं. नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. मुलाला नको. तुमचं आणि बाबांचं एकेक दिवसाचं सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत निघेल. पाहुणे म्हणून आलेल्या वडिलांसमोर तपासनीस उभा राहायला नको.

आता मासा. गळ फार मोठा आहे. तुमची अळी लहान रोच चोखून नेतात, पण तो गळ त्यांच्या तोंडात मावत नाही. लहान, १८ नंबरचा घ्या, उलटा काटा नसलेला. अळी बोथट टोकाला, कातडीतून जेमतेम ओवायची, म्हणजे ती वळवळत राहते.

दुसरं, दोन फुटांवर अळी अधांतरी लटकते आणि तिथे फक्त बारके मासे असतात. दुकानात खोली मोजायचं छोटं वजन मिळतं. ते गळाला लावून टाका. फ्लोट बुडाला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली, शेंडा जेमतेम दिसेपर्यंत. एवढ्या एका कामाला लोक कंटाळतात आणि दिवस घालवतात.

तिसरं, मधोमध उड्या मारतात ते बहुतेक कार्प. उडी मारणारा मासा खात असतोच असं नाही. एप्रिलमध्ये रात्री पाणी गार होतं, म्हणून सकाळी सातला मासे सुस्त असतात. दहानंतर ऊन चढलं की काठाजवळचं उथळ पाणी आधी कोमट होतं. लव्हाळ्याच्या कडेला, काठीच्या दोन लांबींवर बसा. दर चार-पाच मिनिटांनी दहा-बारा अळ्या त्याच जागी टाकत राहा, मासा लागो न लागो. वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ निवडा.

बागेश्री
अळ्यांनी बारकेच येतील. डब्यातला मका घ्या, गळावर एक दाणा. लहान मासा तो गिळू शकत नाही, टेंच थेट उचलतो. आम्ही लीड्सजवळ दोन वर्षं फक्त मक्यावर बसतोय.

तळ्यावरचा
मे-जूनमध्ये मका उत्तम, एप्रिलच्या गार पाण्यात अळी. आणि बरोबर अकरा वर्षांचं मूल आहे. त्याला दर दहा मिनिटांनी काहीतरी लागायला हवं, दिवसाअखेर एक टेंच नको.

बागेश्री
मला एप्रिलमध्येही मक्यावर टेंच लागलाय. मूल लहान म्हणून त्याला टेंच बघायचा नसतो असं कुठंय?

पंचगंगाकाठ
मासा सगळीकडे सारखाच. कणीक.

वाचकमात्र
धागा वाचून वाईट वाटलं. तिकडे म्हणे मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, मग त्या जिवाला गळ टोचायचाच कशाला? खायचा असेल तर समजू शकते.

तळ्यावरचा
तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच बिनकाट्याचा गळ, ओले हात, जमिनीवर ओली चटई आणि पाण्याबाहेर शक्य तितका कमी वेळ. इथे मालकाच्या परवानगीशिवाय मासा घरी नेता येत नाही. वसंतात नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिशिंग (ट्राउट, सामन सोडून गोड्या पाण्यातल्या बाकी माशांची गळाने मासेमारी) बंदच असतं, माशांच्या विणीसाठी. बहुतेक तळ्यांना ती बंदी नाही, म्हणून लोक तळ्यावर येतात.

खाडीकिनारी
आपल्याकडेही समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. घरी न्यायची परवानगी मिळालीच तर रव्यात तळा. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग बारीक रवा. रोचला काटे खूप असतात म्हणे, तिरके काप द्या.

हळदकट्टा
तळायचा नाहीये हो. लायसन्स काढलं, दोघांचं. १८ नंबरचे गळ आणले. बाबांच्या पेटीत शिशाचे मणी आहेत, तेच वजनाला चालतील ना?

तळ्यावरचा
नाही! बारीक शिशाच्या वजनांवर इथे १९८७ पासून बंदी आहे. हंस ते खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. दुकानात बिनशिशाचे मणी मिळतात. बहुतेक मणी फ्लोटच्या दोन्ही बाजूंना, एक-दोन अगदी बारीक खाली गळाकडे. बाबांची पेटी घरी ठेवा, पण बाबांना काठी धरू द्या.

हळदकट्टा (शनिवार, रात्री ९:१५)
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी काठाजवळ साडेचार फूट निघालं, म्हणजे आमची अळी तीन आठवडे अर्ध्यावर लटकत होती. दहा वाजता बसलो. पावणेअकराला मुलाला पहिला रोच लागला, तळहाताएवढा, लाल डोळ्यांचा. दिवसभरात त्याचे नऊ झाले. दुपारी बाबांना पर्च लागला, अंगावर काळे पट्टे. पाठीचा काटा अंगठ्यात गेला, तरी बाबा त्याला दोन्ही ओल्या हातांत धरून पाण्याशी वाकून बसले. लहानपणी कृष्णेत गळ टाकायचे त्याबद्दल ते आजवर कधी बोलले नव्हते. आज नातवाला सगळं सांगितलं. आजोबांनी काठी कशी करून दिली, मोराच्या पिसाच्या देठाचा फ्लोट कसा बांधायचे. इथल्या दुकानातही तसलाच मोरपिसाचा फ्लोट निघाला, तो विकत घेतला.

टेंच नाही. लव्हाळ्याजवळ बारीक बुडबुड्यांची रांग दोनदा आली, तेवढंच. मक्याला हात लावला नाही कुणी. कणीक बाबांनीच मळली होती, ती गळावरून सुटून पडत होती.

बागेश्री
बारीक बुडबुडे म्हणजे टेंचच! तेव्हा दाणा टाकायचा होता.

पंचगंगाकाठ
हिंग घातला होता का? आणि घट्ट मळली होती का?

हळदकट्टा
हिंग घातला होता. मऊ झाली बहुतेक. एक शेवटचं विचारतो. बाबांना तो फ्लोट आणि चार गळ गावी न्यायचेत. सोमवारी विमानात हातातल्या पिशवीत चालतील का?

तळ्यावरचा
गळ हातातल्या पिशवीत नको. सगळं एका डबीत घालून मोठ्या बॅगेत टाका. गळांची टोकं बुचात खोचा, नाहीतर पहिली बॅग उघडणाऱ्याच्या बोटात जातील.